हरवले आहेत

पहाटे चारला टेम्पो निघाला हिवऱ्याहून.
मागं ताडपत्री, ताडपत्रीवर गोधडी,
गोधडीवर माय, शिवकांता, दोन लेकरं, शेजारची कौसामामी
आणि धपाट्यांचा डबा,
ज्याच्यावरचा मायचा हात
परभणी येईपर्यंत उठला नाही.

मी पुढं, ड्रायव्हरपाशी. कर्ता माणूस.
खिशात मोबाईल, मोबाईलात यादी:
पेरणीयंत्राचा भाव, ठिबक, हळदीचं बेणं,
सबसिडीला कोणते कागद.
यादीत माणसं नव्हती.

फाटकावर कुण्या कंपनीनं पिवळ्या टोप्या वाटल्या.
घातल्या न घातल्या तोच
अख्खं मैदान फुलावर आलेल्या करडईसारखं दिसाय लागलं
आणि त्यात आपलं झाड कोणतं, ते कळेना.

हातभर लांब वांगं बघून कौसामामी म्हणाली,
“ह्याला भरायला पायलीभर शेंगदाणे लागतील.”
देवणी वळू उभा होता, शिंगांना तेल, गळ्यात बिल्ला,
पाटीवर नाव, वय, वजन.
माय म्हणाली, “माणसाच्या गळ्यात अशी पाटी घातली
तर निम्मी घराबाहेर निघायची न्हाईत.”
वळूनं शेपूट हलवली.
ड्रोन उडाला, नुसतंच पाणी शिंपडत,
तशा हजारो पिवळ्या टोप्या वर झाल्या.
वेदिकानं त्या ड्रोनवाल्या पोराला विचारलं,
“हा पाऊस पडल्यावर कुठं बसतो?”
तो हसला. माहितीपत्रक दिलं.

“पाच मिन्टात आलो,” म्हणून मी सटकलो.

तीन नंबरच्या मंडपात निळा ट्रॅक्टर,
वर काचेची खोली, आत गार वारा.
चढून बसलो. दार ओढून घेतलं.
बाहेरचं सगळं मुकं झालं:
तोंडं हलायची, शब्द न्हाई.
सेल्समननं काच खाली करायला लावून विचारलं, “साहेब, जमीन किती?”
साडेचार एकर आहे.
मी म्हणालो, “अकरा.”
त्यानं पाण्याची बाटली दिली, थंडगार.
मी काच पुन्हा वर केली.
स्टिअरिंगवर हात ठेवून
एकरामागून एकर नांगरत गेलो,
बांध लागेना, कुणी हाक मारेना.
किती वेळ गेला, खरंच सांगता येत न्हाई.

दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून दार उघडलं,
तसा भोंगा आत घुसला:
“लाल जीपवाल्यांनी गाडी काढावी.
चाव्यांचा जुडगा सापडला आहे, खूण सांगून न्यावा.
आणि हरवले आहेत, हरवले आहेत,
मुंजाजी गंगाराम खटिंग, राहणार हिवरा,
वय वर्षे एकेचाळीस,
अंगात चौकड्याचा शर्ट, डोक्याला पिवळी टोपी,
जिथं असतील तिथून
आपल्या आईपाशी यावं.”

सेल्समन हसला. गिऱ्हाईक हसलं.
“अकरा एकरवाले” असं कुणी म्हणालं, का मला वाटलं.
टोपी काढून खिशात कोंबली, तर उरलेली खूण शर्टाची.
चौकड्यांवर हात झाकत चाललो.

माईकच्या तंबूत माय खुर्चीवर,
निवेदकाच्या हातात धपाटं,
आणि सतरंजीवर एका रांगेत
तीन हरवलेली लेकरं, तिघांच्याही हातात धपाटं,
एकाचं रडणं अजून नाकाशी.
शिवकांता दुसरीकडं बघत होती, खांदे हलत होते तिचे.
मी म्हणालो, “माय, असं माईकवर कुणी सांगतं का?”
ती म्हणाली, “मंग? आन्सर व्हत नव्हता फोन.
बस. खाऊन घे.”

मी चौथा बसलो.

निवेदकानं रजिस्टर पुढं सरकवलं:
सापडल्याची वेळ, दोन वाजून दहा मिनिटं.
नेणाऱ्याची सही.
मायनं पेन मुठीत धरला,
रात्रीच्या वर्गात गिरवलं होतं तसं
एकेक अक्षर जमिनीत रोवत लिहिलं: केवळाबाई.
ह्याला इतका वेळ लागला
की मागं पालकांची रांग लागली.

मग तिनं रांगेकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं,
बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
आणि माईक स्वतःच हातात घेतला.
कौसामामी सापडायची होती.